अंबरनाथला हेमाडपंती म्हणण्यापूर्वी

सोमवारची रांग मावशीला झेपत नाही, म्हणून गेल्या श्रावणात आम्ही मंगळवारी सकाळी अंबरनाथच्या शिवमंदिरात गेलो. पाऊस नुकताच थांबला होता. सभामंडपात इतका काळोख होता की खांबांवरचे कोरीवकाम डोळ्यांना दिसण्याआधी हाताला लागले. इतर बहुतेक देवळांत देवाकडे जाताना आपण पायऱ्या चढतो. येथे मंडपातून गर्भगृहात उतरावे लागते. वीसेक ओल्या पायऱ्या उतरून खाली गेलो, तर तेथे मात्र उजेड होता, कारण शिखराचा माथा शिल्लक नसल्यामुळे गर्भगृहाला आभाळच छत झाले आहे. मावशीने पिंडीवर बेल वाहिला, मान वर करून बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, "पांडवांनी एका रात्रीत बांधलं ना ग हे. उजाडलं, म्हणून वरचं छप्पर तेवढं राहून गेलं." शेजारी उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी तिला अगदी आदराने सांगितले, "नाही हो मावशी, हे हेमाडपंती देऊळ आहे."

तेव्हापासून मी या दोन उत्तरांचा विचार करते आहे. इतिहास म्हणून दोन्ही टिकत नाहीत, पण त्यांतले मावशीचे उत्तर मला अधिक जवळचे वाटते. तिच्या गोष्टीला निदान वरचे उघडे आभाळ दिसले होते, आणि छप्पर का नाही हा खरा प्रश्न त्या गोष्टीत होता. 'हेमाडपंती' या शब्दाने मात्र पाहणेच संपते. काळा दगड, चुन्याशिवाय रचलेली भिंत आणि थोडेफार कोरीवकाम दिसले की आपण तो शब्द उच्चारतो आणि पुढे निघतो. हे देऊळ कोणी बांधले, कोणत्या शतकात बांधले आणि त्याचे शिखर कोणत्या घराण्यातले, हे विचारायचे राहूनच जाते.

ज्या हेमाद्रीच्या, म्हणजेच हेमाडपंताच्या, नावावर आपण एवढी देवळे लावली, तो यादवांच्या देवगिरीचा श्रीकरणाधिप, म्हणजे राज्याच्या दप्तराचा प्रमुख, होता. महादेव यादव (इ. स. 1261 ते 1271) आणि रामचंद्र यादव (1271 ते 1311) या दोघांच्या दरबारात त्याने काम केले आणि 'चतुर्वर्गचिंतामणी' हा धर्मशास्त्राचा प्रचंड ग्रंथ लिहिला. पंढरपूरच्या विठ्ठलमंदिराला मिळालेल्या देणग्यांची नोंद असलेल्या प्रसिद्ध चौऱ्याऐंशीच्या शिलालेखात त्याचे नाव येते, तेव्हा देवळांशी त्याचा संबंध होता यात शंका नाही. मोडी लिपी आणि बाजरी यांचेही श्रेय परंपरेने त्याला दिले आहे. कर्तबगार माणसाभोवती अशा गोष्टी जमतातच. परंतु त्याची कारकीर्द तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातली आहे, हे एकदा पक्के ध्यानात घेतले की अंबरनाथच्या बाबतीत वादच उरत नाही, कारण अंबरनाथच्या देवळाने आपली तारीख स्वतःच्या अंगावर कोरून ठेवली आहे.

मंडपाच्या उत्तरेकडील दाराच्या आतल्या बाजूस, तुळईवर तो शिलालेख आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी त्याचे वाचन प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांनी शक 782 असे वर्ष वाचले. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तोच लेख पुन्हा तपासला आणि पहिला आकडा 7 नसून 9 आहे, म्हणजे वर्ष शक 982, इ. स. 1060 आहे, असे दाखवून दिले. झिजलेल्या दगडावरच्या एका आकड्याच्या वळणाने देऊळ एकदम दोनशे वर्षे पुढे आले. भगवानलालांच्या वाचनाने सारे जागच्या जागी बसते, कारण लेखात नाव आहे ते महामंडलेश्वर (ही मांडलिक राजाची पदवी) मम्वाणी ऊर्फ मुम्मुणी याचे, आणि हा उत्तर कोकणच्या शिलाहार घराण्यातला राजा अकराव्या शतकातलाच आहे. त्याचा थोरला भाऊ छित्तराज याचाही लेखात उल्लेख आहे. काम छित्तराजाच्या काळात सुरू झाले आणि मुम्मुणीच्या काळात पुरे झाले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. छित्तराज, नागार्जुन आणि मुम्मुणी हे तिघे भाऊ एकामागून एक गादीवर आले. हे सगळे घडून गेल्यानंतर सुमारे दोनशे वर्षांनी हेमाद्री श्रीकरणाधिप झाला.

तारखेइतकेच, किंबहुना तिच्याहून अधिक, मला देवळाचे शिखर महत्त्वाचे वाटते. अंबरनाथचे शिखर मोडले असले तरी उरलेल्या भागावरून त्याची जात ओळखता येते. ते भूमिज शिखर आहे. भूमिज म्हणजे काय हे पुस्तकातल्या आकृतीवरून मला कधीच नीट समजले नव्हते. ते समजले सिन्नरला, गोंदेश्वराच्या आवारात, दुपारी चारच्या उन्हात.

गोंदेश्वर हे यादवकाळातले शैव पंचायतन आहे. उंच जोत्यावर मधोमध शंकराचे मुख्य देऊळ, चार कोपऱ्यांत पार्वती, गणपती, सूर्य आणि विष्णू यांची लहान देवळे, समोर नंदीमंडप आणि सगळ्याभोवती आवारभिंत. मुख्य देवळाच्या चारही बाजूंना शिखराच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत एकेक रुंद पट्टा चढत गेलेला दिसतो. त्याच्यावर गवाक्षांची जाळीदार, बारीक नक्षी असते आणि त्याला लता म्हणतात. खरी गंमत दोन लतांच्या मधल्या भागात आहे. तेथे इवलीशी शिखरे एकावर एक बसवलेली असतात, प्रत्येकाच्या खाली आखूड खांब असतो, आणि त्या जोडीला कूटस्तंभ असे नाव आहे. कूटस्तंभांची प्रत्येक आडवी ओळ म्हणजे एक भूमी. वरची प्रत्येक भूमी खालच्या भूमीपेक्षा थोडी आत सरकलेली आणि थोडी लहान. मी एका कोपऱ्याशी उभी राहून सर्वांत खालच्या एका कूटावर नजर ठेवली आणि तीच उभी ओळ धरून वर वर पाहत गेले. तिरप्या उन्हात प्रत्येक कूटाची सावली बाजूच्या खाचेत पडली होती, त्यामुळे ओळ सुटी, स्पष्ट दिसत होती, ओवलेल्या माळेसारखी. सगळ्यांत वरचा कूट जेमतेम ओंजळीएवढा भासला, तरी त्याचा घाट खालच्यासारखाच होता. मूळ देवळाचीच प्रतिकृती लहान होत होत आमलकापर्यंत, म्हणजे माथ्यावरच्या आवळ्यासारख्या गोल दगडापर्यंत, पोचते, म्हणजे देऊळ देवळांचेच बनलेले असते. त्या दुपारनंतर मला कोणतेही भूमिज शिखर ओळखायला पाटी वाचावी लागली नाही.

उत्तरेकडच्या शिखरांशी तुलना केली की हा फरक अधिक उठून दिसतो. खजुराहोच्या कंदारिया महादेवाचे शिखर शेखरी पद्धतीचे आहे. तेथे मोठ्या शिखराला लहान शिखरे बिलगलेली असतात आणि डोंगराभोवती टेकड्या दाटाव्यात तसा एकूण आकार फुगत जातो. भूमिजात असा फुगवटा नसतो, तेथे शिस्त असते, उभ्या आणि आडव्या ओळींची. माळव्यात ही पद्धत परमारांच्या काळात भरभराटीस आली. राजा भोजाच्या नावावर असलेल्या 'समरांगणसूत्रधार' या ग्रंथात भूमिज प्रासादांचे वर्णन आहे. विदिशा जिल्ह्यातील उदयपूरचे उदयेश्वर मंदिर परमार राजा उदयादित्याने बांधले, आणि तेथील लेखांवरून त्याचे काम 1059 ते 1080 या काळातले ठरते. म्हणजे माळव्यात उदयेश्वराचे काम चालू होते त्याच सुमारास कोकणात, वालधुनीच्या काठी, शिलाहारांचे सूत्रधार, म्हणजे देऊळ रचणारे मुख्य कारागीर, त्याच जातीचे शिखर उभे करत होते. मधल्या वाटेवर खानदेशात बलसाणे आहे, मालेगावजवळ झोडग्याचे माणकेश्वर आहे, घाटाच्या अलीकडे सिन्नर आहे. नकाशावर या गावांवरून बोट फिरवले की कारागिरांच्या आणि कल्पनांच्या येण्याजाण्याचा एक रस्ताच दिसू लागतो. या सगळ्याला हेमाडपंती म्हटले की तो रस्ता पुसला जातो, आणि मला त्याचे मनापासून वाईट वाटते.

या शब्दामागे एक खरे निरीक्षण आहे, हेही मान्य केले पाहिजे. ही देवळे चुन्यावाचून उभी आहेत. आपला काळा बेसॉल्ट कठीण. तो घडवायला वेळ लागतो, पण एकदा समोरासमोरचे पृष्ठभाग नीट घासून बसवले आणि खाचेत दुसऱ्या दगडाचे कुसू, म्हणजे पुढे काढलेले टोक, अडकवले की वरचे वजनच सांधा आवळून धरते. या बांधणीत खरी कमान नाही. खांबांवर तुळया, तुळयांच्या चौकोनावर कोपऱ्यांत तिरप्या शिळा टाकून अष्टकोन, आणि त्यावर वर्तुळाकार थर, प्रत्येक थर खालच्यापेक्षा थोडा आत झुकलेला, अशा क्रमाने मंडपाचे वितान, म्हणजे आतले छत, मिटत जाते. पुढे आलेला दगड खाली का पडत नाही, याचे उत्तर त्याच्या मागच्या टोकावर आहे, कारण ते टोक वरच्या बांधकामाच्या भाराखाली दाबलेले असते आणि शिवाय एकाच कड्यातले दगड एकमेकांना अडवून धरतात. अंबरनाथच्या मंडपात मधल्या चार खांबांच्या मध्ये उभे राहून वर पाहिले की ही सगळी कडी मोजता येतात. फक्त डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबण्याची तयारी हवी. बहुतेक लोक तेवढे थांबत नाहीत.

हीच युक्ती अर्ध्यावर थांबवली तर काय होते, ते खिद्रापूरला पाहावे. कृष्णेच्या काठच्या कोपेश्वर मंदिराच्या स्वर्गमंडपात 48 खांब आहेत, आणि त्यांतले सर्वांत आतले 12 खांब एका गोल शिळेभोवती वर्तुळात उभे आहेत. त्यांच्यावरची कडी आत आत येतात आणि मिटण्याआधीच थांबतात. वर आभाळाचे पूर्ण गोल वर्तुळ मोकळे राहते. अंबरनाथला दिसणारे आभाळ पडझडीतून आले आहे, खिद्रापूरचे आभाळ मात्र सूत्रधाराने योजून ठेवलेले आहे. तेथे यादव राजा सिंघण याचा शक 1136 चा, म्हणजे इ. स. 1213-14 च्या सुमाराचा दानलेख आहे. हाही हेमाद्रीच्या आधीचाच काळ. शिवाय खिद्रापूरची घडण कर्नाटकाच्या वळणाची आहे, अंबरनाथ आणि सिन्नर यांच्याशी तिचे नाते दूरचे. बांधणीची रीत सारखी म्हणून शैली सारखी होत नाही. एकाच प्रकारच्या विटांनी वाडाही बांधतात आणि गिरणीही.

नाव लावण्याच्या या सवयीचा तोटा दुरुस्तीच्या वेळी अधिक जाणवतो. औंढा नागनाथला खालची भिंत जुन्या काळ्या दगडाची, तारकाकृती कोनांची आणि मूर्तींनी भरलेली आहे, तर वरचा भाग नंतरच्या काळातला, वीटचुन्याचा आहे. तो जोड मला आवडतो, कारण तो कोणाला फसवत नाही. ज्या काळाने वरचा भाग बांधला त्याने तो आपल्या हाताने आणि आपल्या साहित्याने बांधला. परंतु अलीकडे काही गावांतल्या देवळांना "हेमाडपंती रूप" देण्याच्या उत्साहात सिमेंटवर काळा रंग फासलेला मी पाहिला आहे. ज्या गावाकडे आमची येजा असते, तेथल्या लहानशा देवळात जुन्या द्वारशाखेवर, म्हणजे दाराच्या कोरीव चौकटीवर, ऑइलपेंटचे इतके थर चढले आहेत की गंगायमुनेच्या मूर्तींची नाके बुजून गेली आहेत. ते काम श्रद्धेने केले होते, हे मला ठाऊक आहे. त्या द्वारशाखेचे वय कोणी त्या मंडळींना सांगितले असते, तर रंगाचा डबा त्यांनी नक्कीच बाजूला ठेवला असता, असेही मला वाटते.

हेमाद्रीविषयी माझ्या मनात कमीपणा मुळीच नाही. 'चतुर्वर्गचिंतामणी'च्या व्रतखंडाच्या प्रारंभी त्याने यादव राजांची वंशावळ दिली आहे, आणि सिन्नरपासून देवगिरीपर्यंतच्या राजांची संगती लावताना इतिहासकारांना तिचा फार उपयोग झाला. ज्या माणसाने दुसऱ्यांची नावे इतक्या काळजीने लिहून ठेवली, त्याच्याच नावाखाली छित्तराज, मुम्मुणी आणि ते अनाम सूत्रधार झाकले जावेत, हे त्याला तरी रुचले असते का?

त्या मंगळवारी परत निघताना मी मावशीला उत्तरेकडच्या दारापाशी नेले. बाहेर बाजूलाच वालधुनी वाहते. तिच्या पाण्याचा रंग आणि वास कारखान्यांच्या वस्तीतून आल्याची खूण सांगतो, आणि त्याच हवेत या भिंतींवरच्या मूर्तींचे चेहरे उभे आहेत. मी मावशीला तुळईवरच्या अक्षरांच्या ओळी दाखवल्या. तिला ती अक्षरे वाचता आली नाहीत, मलाही दोन-तीन शब्दांपलीकडे लागली नाहीत. "यात राजाचं नाव आहे, मावशी. नऊशे साठ वर्षांहून जास्त झाली," मी म्हटले. तिने चष्मा पुसला, पुन्हा वर पाहिले आणि विचारले, "आणि भावाचं पण आहे म्हणालीस ना? कुठल्या ओळीत?" मग आम्ही दोघी बराच वेळ तेथे माना वर करून उभ्या राहिलो, आणि आत जाणारे लोक आमच्या बाजूने वाट काढत गेले.