‘गेस्टना फ्री’ पूल पार्टीत एका दुपारचे १९८ गेले, त्याचा सगळा हिशोब

काल रात्री घरी आलोय, खांदे अजून भाजतायत, पण आत्ताच लिहून टाकते कारण आठवड्याभराने राग गेला की आकडेही डोक्यातून जातात. आम्ही चौघं होतो, मी, नवरा, दीर आणि जाऊ. दोन रूम, तीन रात्री, शुक्रवार ते सोमवार. रिसॉर्ट पसंत करायचं कारण एकच, जाहिरातीत मोठ्या अक्षरात होतं की शनिवारची पूल पार्टी राहणाऱ्या गेस्टना फ्री. ती फ्री नसते. निदान आम्हाला जशी मिळाली तशी तर अजिबातच नव्हती, आणि पैशांचा मेळ बसवून जाणाऱ्यांनी हे आधी वाचावं म्हणून हा खटाटोप.

पैशांचे आकडे देत नाही, दर ठिकाणी वेगळे असतात. त्याऐवजी असं करा, एका रूमचं एका रात्रीचं भाडं १०० धरा. पुढचे सगळे आकडे त्या मापात आहेत, तुमच्या रूमच्या भाड्याने गुणून घ्या.

पोहता येतं, उन्हात चार तास बसायची सवय आहे, सनस्क्रीन, टोपी, पाण्याची बाटली, कोरडे कपडे बरोबर आहेत हे धरून चालते. ते नसेल तर पूल पार्टीच्या भानगडीत पडू नका.

शुक्रवार मस्त गेला, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

शनिवारी साडेबाराला पूलवर पोचलो तर गाणी नुकती सुरू झालेली. एक वाजता एक मुलगा क्लिपबोर्ड घेऊन आला आणि म्हणाला की गेस्टना फ्री एन्ट्री एकपर्यंतच आहे, पुढे थांबायचं तर मनगटाला पट्टी लागेल, माणशी २५, त्यातले १५ रिडीमेबल, म्हणजे पट्टी दाखवून तेवढ्याचं खाणंपिणं घेता येतं. हा नियम जाहिरातीत नव्हता, चेक-इनला कुणी बोललं नाही, आणि आम्ही ओल्या कपड्यात, पाय पाण्यात सोडून बसलेलो. त्या अवस्थेत माणूस वाद घालत नाही, हो म्हणतो, आणि वेळ तशीच निवडलेली असते असं माझं स्पष्ट मत आहे. चौघांचे १०० झाले, म्हणजे अजून एक रूम.

आता हे रिडीमेबल नीट समजून घ्या कारण सगळी मेख इथे आहे. मला वाटलं १५ परत मिळतायत म्हणजे खरा खर्च माणशी १० च आहे. पार्टीच्या मेनूवर बिअर ६ होती, म्हणजे दोन बिअर १२, वर ३ उरतात, त्यात २ ची पाण्याची बाटली, झालं की. पण पट्टी स्कॅन केल्यावर एका बिअरचे कापले ७.८. कारण मेनूवरच्या दरावर १० टक्के सर्व्हिस चार्ज आणि त्या बेरजेवर पुन्हा टॅक्स, मिळून जवळजवळ ३० टक्के चढतं. पहिली बिअर घेतल्यावर पट्टीवर ७.२ उरले आणि दुसरी बिअर ७.८ ला, म्हणजे ०.६ कमी. मी म्हटलं वरचे कॅशने देते, तर पट्टी आणि कॅश एकत्र चालत नाही. म्हटलं बरं, माझे ७.२ आणि नवऱ्याचे ७.२ मिळून एक कॉकटेल द्या, तेही नाही, एकाची पट्टी दुसऱ्याला चालत नाही. आतल्या नेहमीच्या बारमध्ये चालेल का, नाही. उद्या चालेल का, नाही, सहा वाजता पट्टी संपते. शेवटी आम्ही तिघांनी एकेक बिअर आणि दोन-दोन पाण्याच्या बाटल्या घेतल्या आणि प्रत्येकाचे २ बुडाले. जाऊ पीत नाही, तिने ५ वाले दोन मॉकटेल घेतले, तिच्या पट्टीवरही बरोब्बर २ च उरले. कुणीतरी बसून हे दर असे लावलेत की कसंही घ्या, थोडं बुडणारच.

म्हणून पट्टी घ्यायच्या आधी एकच प्रश्न विचारा, चार्ज आणि टॅक्स धरून एक बिअर पट्टीतून किती कापते? मेनूवरचा आकडा विचारू नका, कापला जाणारा विचारा. आणि मग तिथेच भागाकार करा.

हे पैसे लपवायचं तंत्र जुनं आहे. १९५० मध्ये स्पेनच्या माजोर्का बेटावर तंबू ठोकून क्लब मेड ही रिसॉर्ट कंपनी सुरू झाली, राहणं खाणं खेळणं सगळं एका रकमेत, पण बारमधली ड्रिंक वेगळी, आणि पुढे तिथे ड्रिंकचे पैसे मण्यांनी द्यायची पद्धत आली, गळ्यात मण्यांची माळ घालायची आणि मणी काढून द्यायचा. पोहायच्या कपड्यात पाकीट कुठे ठेवणार, हे सोयीचंच होतं म्हणा. पण मणी असो की पट्टी, हातातून नोट जाताना जे टोचतं ते टोचत नाही. माझ्या बाबतीत तरी हेच झालं, पट्टी संपल्यावर रूमच्या नावावर सही करून घेत गेलो आणि चार कॉकटेल, दोन बिअर, खायची एक मोठी प्लेट असे मेनूवरचे ६० झाले, बिलात ७८.

वर सावली. एकनंतर पूलकडेला सावलीच उरत नाही, छत्रीखालच्या दोन खाटांचं भाडं २०. हे आम्ही दिलं आणि याबद्दल माझी तक्रार नाही, उन्हात पाच तास बसण्यापेक्षा ते बरं. पण सकाळी दहाला जाऊन भिंतीलगतची जागा धरली असती तर तेही वाचले असते.

१०० अधिक ७८ अधिक २०, एकूण १९८. जवळजवळ दोन्ही रूमचं एका रात्रीचं भाडं. पाच तासांत.

आता कॉकटेलबद्दल, कारण माझी सगळ्यात मोठी चूक ती. मिक्सरमध्ये बर्फाबरोबर फिरवलेलं, वर फळाची फोड, उंच ग्लास, दिसायला भरगच्च. मी बारपाशी उभी राहून बघितलं, मापाने एकदाच ओतलं, ३० मिली, बाकी बर्फ आणि सिरप. ४० टक्क्यांच्या ३० मिलीमध्ये शुद्ध अल्कोहोल १२ मिली येतं. ५ टक्क्यांच्या ३३० मिली बिअरमध्ये १६.५ मिली. म्हणजे ९ चं कॉकटेल ६ च्या बिअरपेक्षा हलकं होतं, आणि गोड असल्यामुळे त्यावर तहान जास्त लागते, मग पुन्हा २ ची पाण्याची बाटली. पार्टीत फिरवलेलं कॉकटेल घेऊ नका, एकही नको. फोटोसाठी हवंच असेल तर चौघांत एक घ्या.

अनलिमिटेड पॅकेजही होतं, माणशी ४०. दीर म्हणाले, “वहिनी, हेच घ्यायला हवं होतं.” मी तिथेच बोटांवर मोजून दाखवलं. कापले जाणारे ७.८ धरले तर पाच बिअर ३९, म्हणजे सहावी प्याल तेव्हा कुठे पैसे वसूल. आणि शरीर साधारण तासाला एका छोट्या ड्रिंकचा निचरा करतं, त्याहून वेगाने होत नाही, कॉफी प्या नाहीतर पाण्यात उडी मारा. पाच तासांत सहा बिअर, तेही उन्हात, तेही पाण्याशेजारी. अनलिमिटेड घेऊच नका, पैसे वसूल करायच्या नादात माणूस पीत सुटतो.

आणि पाण्यात उतरायचं असेल तर आधी उतरा, प्यायचं नंतर. हा क्रम उलटा करू नका. चारच्या सुमाराला दीर पट्टीवरची ती एक बिअर आणि वर दोन कॉकटेल पोटात असताना पूलच्या उथळ टोकाला सूर मारायला निघाले होते. काठावर खोली लिहिलेली होती, सव्वा मीटर. जाऊ ओरडली म्हणून थांबले, नाहीतर डोकंच आपटलं असतं. रोज पोहणारा माणूस आहे, शुद्धीत असता तर तिथे सूर मारायचं त्यांच्या मनातही आलं नसतं. हे लिहितानाही माझ्या पोटात गोळा येतोय.

पाण्याचं पण सांगते. तीननंतर क्लोरीनचा भपकारा इतका यायला लागला की डोळे चुरचुरले. मला वाटायचं वास म्हणजे स्वच्छ पाणी. उलट आहे. तो उग्र वास क्लोरीनचा नुसता नसतो, घाम आणि लघवी यांच्याशी क्लोरीनची गाठ पडली की क्लोरामाइन तयार होतात, वास त्यांचा, डोळ्यांची आगही त्यांचीच. म्हणजे जितकी गर्दी तितका वास. साधी खूण सांगते, काठावरून बघा, तळाची जाळी स्पष्ट दिसत असेल तर उतरा, पाणी गढूळ होऊन जाळी पुसट झाली की बाहेर. शनिवारी आम्ही पोचलो तेव्हा जाळीची एकेक पट्टी मोजता येत होती, चार वाजता तिथे नुसता काळसर डाग होता. त्यानंतर आम्ही कुणी उतरलो नाही. पट्टीचे पैसे दिलेत म्हणून उतरायचं असं करू नका.

काचेचे ग्लास पूलकडेला दिसले तर मॅनेजरला बोलवा. पाण्यात पडलेली काच दिसतच नाही. आमच्यासमोर एक ग्लास काठावर फुटला, एका पोऱ्याने झाडू मारला आणि गाणी तशीच चालू राहिली, पाण्यात तुकडा गेला का हे बघायला कुणी वाकलंसुद्धा नाही. पार्टीचे सगळे ग्लास प्लॅस्टिकचे हवेत, बुकिंगच्या वेळीच विचारायचं.

सनस्क्रीन ३० एसपीएफचं पुरतं, ते उन्हातले त्वचा भाजणारे यूव्हीबी किरण साधारण ९७ टक्के अडवतं आणि ५० वालं ९८, फरक एवढाच. महागड्या नळीपेक्षा दर दोन तासांनी पुन्हा लावणं महत्त्वाचं, आणि पाण्यातून बाहेर आलं की लगेच. मी एकदाच लावलं, म्हणून आज खांदे असे.

आता पैसे कसे वाचतात ते. रविवारी आम्ही काहीच ठरवलं नव्हतं आणि सगळं आपोआप जमलं. सकाळी दहा ते एक पूल, फुकट, पाणी काचेसारखं. एकला वर जाऊन जेवण आणि झोप. चार वाजता आतल्या बारमध्ये, जो पूलपासून मोजून चाळीस पावलांवर आहे आणि ज्याच्या खिडकीतून तोच पूल दिसतो, तीच गाणी ऐकू येतात. तिथे तीच बिअर ४ ला. पुन्हा वाचा, तीच बाटली, तोच ब्रँड, ४ ला, आणि चार ते सात एकावर एक फ्री. तिघांच्या सहा बिअर तीनच्या पैशात १२, जाऊचे दोन मॉकटेल ६, चार्ज टॅक्स धरून २३.४. शनिवारी १९८, रविवारी २३.४. माझ्यासाठी पूल पार्टी म्हणजे आता रविवारची खिडकी.

तरीही गर्दीत नाचायचंच असेल, वय आहे, ग्रुप आहे, तर जा, मी अडवत नाही. फक्त पोटभर जेवून जा, पिणाऱ्यांचीच पट्टी घ्या आणि बाकीच्यांना नुसत्या एन्ट्रीचे किती हे विचारा, असते कधीकधी. पूलवर पाणी फुकट भरून मिळतं का विचारा. बाहेरची बाटली लपवून नेऊ नका, सापडली की दंड पडतो आणि दिवस जातो. फ्रीचा अर्थ किती वाजेपर्यंत, हे फोनवर नको, लेखी घ्या, एका ओळीचा मेसेज पुरे. आमच्याकडे तो असता तर ते १०० गेलेच नसते.

आणि रूमच्या नावावर सही करत असाल तर प्रत्येक चिठ्ठी जवळ ठेवा. सोमवारवर ढकलू नका, आदल्या रात्रीच रिसेप्शनवर जाऊन बिल ओळीओळीने वाचा. आमच्या बिलात शनिवारची दोन कॉकटेल जास्तीची होती, २३.४, म्हणजे रविवारच्या आमच्या चौघांच्या पूर्ण संध्याकाळीइतकी. ती काढून मग १९८ राहिले. काढायला पंचवीस मिनिटं लागली कारण आधी ते ऐकतच नव्हते, सही दाखवा म्हणाले. चिठ्ठ्या माझ्या पर्समध्ये ओल्या होऊन एकमेकींना चिकटल्या होत्या. जाऊ हेअर ड्रायर घेऊन आली, तिला थांबवलं, ती थर्मल चिठ्ठी असते, गरम हवेने सगळी काळी पडते. पंख्याखाली ठेवून, कडेने नखाने सोडवत सोडवत वेगळ्या केल्या, मग त्यांच्या यादीशी लावून बघितल्या, आणि त्या दोन कॉकटेलच्या चिठ्ठीवर दुसऱ्याच रूमचा नंबर निघाला.