घर-घर खेळायचं ॲप पोरीला द्यावं का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. बालवाडीत ३१ वर्षं काढून मी निवृत्त झाले, तरी मालवणच्या बाजारात, देवळात, एसटी स्टँडवर आया मला थांबवतात. "बाई, बाहुल्यांचं घर मांडायचं, स्वयंपाक करायचा, दुकान चालवायचं असली ॲपं असतात ना, ती पोरीला देऊ का? त्यात मारामारी नाही, हरणं-जिंकणं नाही. मग काय हरकत?"

माझं उत्तर असं: द्या, पण आधी एक संध्याकाळ तिच्या शेजारी बसा आणि खेळातली गोष्ट कोण रचतंय ते ऐका. पोर रचत असेल तर ती भातुकलीच आहे. ॲप रचत असेल, पोर नुसती बोट लावत असेल, तर ती भातुकली नव्हे.

गेल्या मे महिन्यात माझी सहा वर्षांची नात मुंबईहून आली होती. दुपारी ऊन उतरेपर्यंत ती पडवीत टॅब घेऊन बसायची, मी शेजारी रातांबे फोडत असायचे. तिच्या खेळात एक समुद्रकिनारा होता, रंगीत छत्र्या आणि आइस्क्रीमची गाडी असलेला. तिने छत्र्या बाजूला सारल्या, कुठल्याशा घराच्या फ्रिजमधला मासा आणून वाळूत ठेवला, सगळी माणसं त्याच्याभोवती उभी केली आणि ओरडायला लागली, "सहाशे, साडेसहाशे, सातशे! सातशे एकवार!" सकाळी आजोबांबरोबर बंदरावर जाऊन लिलाव बघून आली होती. ज्यांनी तो किनारा चितारला त्यांनी त्यात लिलाव ठेवलेला नव्हता. तो हिने आणला. संध्याकाळी तोच लिलाव घरापुढच्या खळ्यात उतरला. फणसाची पानं झाली बांगडे, करवंट्या झाल्या टोपल्या, आणि शेजारची दोन पोरं गिऱ्हाईकं.

असं झालं की माझा जीव निवतो. व्हिगॉट्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाने १९३३ सालच्या व्याख्यानात काठीचा घोडा करणाऱ्या मुलाबद्दल सांगितलं होतं. समोर काठी दिसते आणि मनात घोडा असतो, तिथे मूल डोळ्यांपेक्षा मनाचं ऐकायला लागतं. आपल्याकडे ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये याच कोकणपट्टीवर, बोर्डीला, बालवाडी मांडली तेव्हा शिंपले, बिया, पानं, खडे हेच साहित्य धरलं. शिंपल्याचं काय करायचं ते शिंपला सांगत नाही, म्हणून तो मुलांना पुरतो. ॲपलाही मी हीच कसोटी लावते. "आता अंडं फोडा, शाब्बास, आता ढवळा, तीन तारे!" असं सांगणारं ॲप म्हणजे घर-घर नव्हे, ती कवायत झाली.

या प्रकारात स्वीडनच्या टोका बोका या ॲप बनवणाऱ्या कंपनीचं नाव मोठं. त्यांच्या २०११ सालच्या चहापार्टीच्या ॲपची कल्पना मला अजून आवडते. आयपॅड जमिनीवर आडवा ठेवायचा, तोच टेबल. पोरांनी आपल्या बाहुल्या घेऊन भोवती बसायचं, कप भरायचे, सांडलं तर पुसायचं. म्हणजे खेळ पडद्याच्या भोवती होता. २०१६ साली ती कंपनी कॅनडाच्या स्पिन मास्टर या खेळण्यांच्या कंपनीने घेतली. टोका बोकाच्या आताच्या मोठ्या ॲपमध्ये थोड्या जागा फुकट आणि बाकीची घरं, सामान विकत अशी मांडणी आहे.

विकत घेण्यात पाप नाही. मला कुलपांची काळजी वाटते. दुसऱ्या एका ॲपमध्ये मी बघितलं: गल्लीत बारा घरं, नऊ घरांना कुलूप. माझ्याकडे येणारी एक चार वर्षांची पोर प्रत्येक कुलपावर बोट लावत होती, मध्येच जाहिरात येत होती, ती संपली की पुन्हा कुलूप. अर्ध्या तासात तिने एकही गोष्ट रचली नाही. खेळ नव्हताच तो, बंद दुकानापुढे उभं राहणं होतं. म्हणून देण्याआधी तुम्ही स्वतः ते ॲप नेट बंद करून उघडून बघा. पावसात आमच्याकडे रेंज जाते तेव्हा ही परीक्षा आपोआप होते. नेट नसतानाही जे नीट चालतं ते बरं. प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड लागेल असं सेटिंग करून ठेवा. बाहुलीला कपडे घालायला माइक आणि संपर्कांची यादी मागणाऱ्या ॲपला सरळ नाही म्हणा. "सगळं अनलॉक" म्हणून व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या फायली तर फोनमध्ये घेऊच नका.

किती वेळ, हा तुमचा पुढचा प्रश्न. इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ मध्ये सांगितलंय की दोन वर्षांखाली स्क्रीन नको, दोन ते पाचला दिवसात एक तासाच्या आत, तोही मोठ्यांच्या नजरेखाली. मी ते मानते. पण बंद करताना होणाऱ्या रडारडीबद्दल थोडं सांगते. या खेळाला शेवट नसतो. डाव संपत नाही, कोणी हरत नाही, मग थांबायचं कुठे? "पाच मिनिटं राहिली" हे चार वर्षांच्या पोरीला कळत नाही. "मासे विकून झाले की सगळ्यांना जेवायला घाल आणि झोपव, मग बंद करू" हे कळतं. माझ्या नातीने स्वतः सगळ्यांना पांघरुणं घातली आणि टॅब माझ्या हातात दिला.

एक गोष्ट मात्र कुठल्याच ॲपमध्ये मिळत नाही. खळ्यात शेजारची पोर म्हणते, "आज आई मी होणार." मग रुसवा, मग तह, मग दोघी आया. पडद्यातली माणसं कधी नाही म्हणत नाहीत. म्हणून एक टॅब आणि दोन पोरं असं बसवता आलं तर बसवा.

आणि फोनमधली जागा भरली म्हणून ॲप परस्पर काढू नका. आमच्या वाडीतल्या एका बापाने काढलं, त्याच्या लेखी तो एक गेम होता. पोरीने त्यात तीन महिने घर मांडलं होतं. आजीची खोली, मांजर, आजारी बाहुलीचं अंथरूण, सगळं. ॲप पुन्हा घातलं तेव्हा आत कोरं घर आलं. दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे येऊन उभी राहिली आणि विचारलं, "बाई, माझी माणसां खंय गेली?"