फॉलोऑन आणि काकांचा जमैका

स्कोअररने कुणालाही सल्ला द्यायचा नसतो. विचारलं तर आकडे सांगायचे, नाहीतर मान खाली घालून टिंबं मांडत बसायचं. हे मला काकांनीच शिकवलेलं. काका म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले आमचे ज्येष्ठ स्कोअरर. मैदानावर सगळेच त्यांना काका म्हणतात.

मे महिन्यातला तीन दिवसांचा सामना होता. पहिल्या दिवशी टॉस झाला, मी दोन्ही संघांची नावं वहीत नीट लिहिली आणि वळवाने मैदानाचं तळं केलं. एकही चेंडू पडला नाही. दुसऱ्या दिवशी खेळ सुरू व्हायला साडेअकरा वाजले. यजमान २४६. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या जरा आधी पाहुणे १२८ वर आटोपले. आघाडी ११८.

पाहुण्यांचे मॅनेजर आमच्या तंबूत पाणी प्यायला आले. एकदम खुशीत. "दीडशेची आघाडी नाही झाली, वाचलो बुवा." काकांनी पेनाला टोपण लावलं. मी त्यांच्याकडे पाहिलं, ते खाली वहीकडे. तीन दिवसांच्या सामन्यात फॉलोऑनला, म्हणजे समोरच्या संघाला लगेच पुन्हा बॅटिंगला लावायला, १५० लागतात हे खरंच. पण पहिला दिवस अख्खा वाया गेला, तर उरलेले दिवस मोजायचे. दोन दिवसांच्या सामन्याला १०० पुरतात. मॅनेजर गेल्यावर मी कुजबुजले, "काका, सांगायचं का?"

"आपण नाही सांगायचं."

तेवढ्यात यजमानांचा कप्तान आला, विशीतला पोरगा. एक पॅड बांधलेलं, दुसरं हातात. त्याला फक्त आघाडीचा आकडा पडताळायचा होता. मी ११८ म्हटलं. तो वळला, आणि काका माझ्याकडे तोंड करून, पण जरा मोठ्यानेच, बोलायला लागले.

"फेब्रुवारी १९७१. जमैका, किंग्स्टन, सॅबाइना पार्क. पहिला दिवस पावसात गेला. आपले ५ बाद ७५, सगळं संपल्यात जमा. मग मडगावचा दिलीप सरदेसाई आणि एकनाथ सोलकर. सरदेसाई २१२! आपले ३८७, वेस्ट इंडिज २१७. आघाडी किती गं?"

"एकशे सत्तर."

"कसोटीत २०० लागतात. त्यांचा कप्तान सोबर्स निवांत. पण आपले कप्तान अजित वाडेकर गेले त्यांच्या ड्रेसिंग रूमकडे आणि सांगून आले, पुन्हा तुम्हीच बॅटिंग करा म्हणून. एक दिवस गेला, कसोटी चार दिवसांची झाली, १५० पुरे! वेस्ट इंडिजला फॉलोऑन दिला, आपल्या पोरांनी! सामना सुटला अनिर्णित, पण पुढच्याच कसोटीत पोर्ट ऑफ स्पेनला त्यांना हरवलं आणि मालिका १-० ने घेतली."

पोरगा दोन पावलं जाऊन थांबला होता. हातातलं पॅड खाली टाकून तो पंचांकडे धावला.

हा सल्ला होता की इतिहास, मला आजही ठरवता आलेलं नाही. मनापासून सांगायचं तर मला ते पटलं नव्हतं; आणि तरी मीच "एकशे सत्तर" म्हणाले होते.

मग पंधरा मिनिटं नुसता गलका. मॅनेजरांचं म्हणणं, टॉस पहिल्याच दिवशी झाला, म्हणजे सामना तेव्हाच सुरू झाला. पंचांनी खिशातून नियमांचं पुस्तक काढलं. टॉसचा संबंध नाही. पहिलं षटक सुरू झालं तर खेळ झाला असं धरायचं. मग मॅनेजरांनी दुसरा मुद्दा काढला: काल साडेअकराला सुरू झालं, म्हणजे दोन दिवससुद्धा पूर्ण नाहीत. तो तर त्यांच्याच अंगावर आला, आणि नियमही तसा नाही. ज्या दिवशी खेळ सुरू होतो तो दिवस पूर्ण धरतात. आमच्या स्पर्धेच्या नियमावलीत वेगळं काहीच नव्हतं.

जाता जाता मॅनेजर तंबूपाशी थांबले. "काका, तुम्हीच सांगितलंत ना त्याला?"

"मी हिला जमैकाचं सांगत होतो," काका म्हणाले आणि डबा उघडला.

पाहुणे चिवटपणे खेळले, सामना सुटला. संध्याकाळी आम्ही दोन्ही वह्या ताडून सह्या करत होतो, तेव्हा तो कप्तान पुन्हा आला.

"काका, ते २१२ कुणी काढले म्हणालात?"

काकांनी माझ्या हातातली वही मिटवली आणि त्याला खुर्ची सरकवली.