वजा दहा आठवडे

"बघा बाई, नऊ म्हैन्याचं हाय आन् उभं ऱ्हातंय!" आजीने नातवाला काखेत धरून माझ्या टेबलावर उभं केलं. लेकरू उभं राहिलं खरं. गुडघे ताठ, टाचा वर, एका पायावर दुसरा पाय कात्रीसारखा चढलेला. आजी कौतुकाच्या अपेक्षेने माझ्याकडे बघत होती आणि आई फरशीकडे.

मी जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात फिजिओथेरपिस्ट आहे. नवजात कक्षातून घरी गेलेली लेकरं पुढे आमच्याकडे येतात, म्हणजे यायला हवीत. आमचा जिल्हा ऊसतोडीचा. दिवाळीच्या आसपास कोयते निघतात (कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, उचल त्या जोडीवर मिळते) आणि माझ्या रजिस्टरात मार्चपर्यंत 'आले नाहीत'ची रांग लागते.

याचा जन्म जुलैचा, 30 आठवड्यांचा, वजन 1240 ग्रॅम. डोळे वेळेत तपासलेले. 30 दिवसांच्या आत पडदा बघायचा नियम आमच्याकडे कसोशीने पाळला जातो, आणि त्याचं श्रेय तिथल्या एका चिकट सिस्टरला आहे. कानांची चाचणीही झालेली. टाळूतून डोक्याची सोनोग्राफी मात्र एकदाच, पाचव्या दिवशी, शेरा 'नॉर्मल'. मेंदूतल्या पोकळ्यांच्या कडेला इजा झाली असेल तर तिथले बारीक फोड दिसायला दोन-तीन आठवडे जातात, आणि पायांना हुकूम नेणारे तंतू नेमके तिथूनच खाली उतरतात. पाचव्या दिवशीचं नॉर्मल म्हणजे आज पेरून उद्या उगवण मोजायची. हे मी बालरोग विभागात तीनदा बोलले आहे. उत्तर ठरलेलं, "वजन वाढतंय ना?"

पण त्यांच्यावर चिडून माझी सुटका होत नाही. ऑक्टोबरात ही बाई माझ्यासमोर बसली होती. मी नेहमीचं समजावलं: बाळ दहा आठवडे आधी आलंय, तेवढे वयातून वजा करायचे. मान उशिरा धरेल, बसेल उशिरा, शेजारच्या पोराशी तुलना करू नका. हे मी दिवसाकाठी दहा जणींना सांगते आणि ते खरं आहे. निघताना ती दारातून म्हणाली, "मॅडम, लंगोट बदलताना पाय लई आकडतंय." त्या दिवशी त्याचं वजा केलेलं वय जेमतेम महिनाभराचं. मी पाय हलवून बघितले, थोडे कडक वाटले. अशा बाळांत असा ताठरपणा येतो आणि बऱ्याच जणांचा आपोआप जातोही. "दोन महिन्यांनी या," म्हणाले. दोन महिन्यांनी ती निपाणीच्या पलीकडे उसाच्या फडात होती, आणि फाइलवरचा नंबर बंद.

आता एप्रिल. टेबलावर निजवून, गुडघे सरळ ठेवून मी त्याचे पाय सावकाश बाजूला फाकवले. घाई केली तर स्नायू चिडतो आणि कोन खोटा येतो, म्हणून आधी हात चोळून गरम करायचे, बाळाशी बोलायचं, मग. या वयाला 110 अंशांच्या आसपास पाय उघडायला हवेत. त्याचे 55 वर अडकले. पाऊल झटकन वर दाबलं तर घोटा आपोआप थडथडायला लागला. आठ ठोके मोजले. तेव्हा कुठे आई बोलली, "कडेवर बसत न्हाई त्यो. घसरतो."

कडेवर बसत नाही. जी गोष्ट मी कोनमापक लावून मोजते, ती हिने कमरेवर मोजली होती, केव्हाच.

घरी मामाने पांगुळगाडा आणलाय, हेही कळलं. तो उद्यापासून माळ्यावर, असं मी जरा जास्तच चढ्या आवाजात सांगितलं. आजीचा चेहरा उतरला. चवड्यांवर ढकलत फिरायला लागला की टाच आणखी आखडते, हे तिला कोण सांगणार होतं?

वातावरण हलकं करायला म्हणून की काय, आईने मोबाइल काढला. "हसतो बगा किती." जानेवारीतला व्हिडिओ, फडावरच्या कोपीतला, म्हणजे झोपडीतला. गोधडीवर उताणं लेकरू, मागे वाऱ्याने फडफडणारा कागद. पहिला अर्धा मिनिट त्याच्याशी कुणी बोलत नाहीये, तो नुसता जागा आहे. या वयाच्या बाळाची मान, मनगटं, घोटे सतत बारीक वळवळत असतात, पाणी उकळायच्या आधी तळाशी हलतं तसं. प्रेख्टल नावाच्या डॉक्टरांनी असे व्हिडिओ बघत आयुष्य घालवलं. ही वळवळ बाळंतपणाच्या ठरल्या तारखेनंतर नवव्या ते विसाव्या आठवड्यात दिसते, आणि ती नसणं ही सेरेब्रल पाल्सीची (सीपी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा न राहणं) मोठी खूण. मी तो अर्धा मिनिट चार वेळा पाहिला. हात हलत होते, पाय एकदम ताठ होऊन पडत होते. वळवळ नव्हती. मग आईने हाक मारली आणि तो हसला.

एका तुकड्यावरून निदान करत नाहीत, माहीत आहे. पण बरोबर त्या वयात, बरोबर त्या मुद्रेत काढलेला व्हिडिओ तीन महिने तिच्या मोबाइलमध्ये पडून होता, आणि मला पाठव म्हणून मी कधी सांगितलंच नव्हतं. आमच्याकडे दोन पदं रिकामी आहेत, रोज चाळीस लेकरं बघते, सगळं खरं. व्हॉट्सॲपला पद लागत नाही. फाइलवर आता बापाचा, आजीचा आणि मुकादमाचा, तिन्ही नंबर आहेत.

'सीपीचा धोका' असं लिहिलं आणि एमआरआयची चिठ्ठी दिली. खाली न बसवता मांडीवर पाय फाकवून घोड्यासारखं कसं बसवायचं, ते आईकडून दोनदा करून घेतलं. तिसऱ्यांदा आजीने केलं, आईपेक्षा चांगलं.

"चालंल का मॅडम?" आईने विचारलं.

म्हटलं, दोन वर्षांच्या आत आधाराशिवाय बसायला लागला तर आशा चांगली आहे.

ती बोटांवर काहीतरी मोजत राहिली. मग म्हणाली, "दोन वर्सं कोनची धरायची? तुमची का आमची?"