मधला रकाना कोरा ठेवू नका

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ साली मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती, म्हणजे त्रास देणाऱ्या धारणा तपासून बदलण्याची रीत, तीन रकान्यांत मावते: घटना, धारणा, परिणाम. पहिला आणि तिसरा लोक भराभर भरतात. ‘साहेब सगळ्यांसमोर ओरडले, रडू आलं.’ मधल्यात मात्र ‘वाईट वाटलं’ असं लिहितात. ती भावना झाली, धारणा नव्हे. तिथे हवं असं वाक्य: ‘माझ्या हातून चूक होताच कामा नये, झाली तर मी कुचकामी.’ त्या ‘होताच’मधला ‘च’ सापडला, की नेमकी जागा सापडली! मग विचारायचं: असा नियम आहे कुठे? तो धरून ठेवल्याने काम सुधारतं का? उत्तर लेखीच हवं. मनातल्या मनात दिलेलं लगेच विरतं. ‘चूक झालीच नाही’ अशी समजूत मात्र घालू नका, ती पुढच्याच ओरड्याला कोसळते. चूक झाली असली तरी टिकेल असं उत्तर शोधा. खंत उरेल, ती उरू द्या.