नमुना आठ, फूड लायसन्स आणि काजवे

काजवे बघायला येणारी माणसं आमच्या अंगणात आधीपासूनच गाड्या लावत होती. मेचा शेवटचा आठवडा आला, वळवाचे एकदोन पाऊस पडले की भंडारदऱ्याच्या रस्त्याला मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागते. कुणी चहा मागायचं, कुणी बाथरूम कुठंय विचारायचं, एखादं कुटुंब रात्रीपुरती पडवी मागायचं. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, सगळ्यांना जेवू घालायच्या आणि हातावर ठेवतील तेवढे घ्यायच्या. २०२३च्या जूनमध्ये एका ताईंनी विचारलं, "तुमची नोंदणी आहे का? ऑफिसची माणसं आणायचीत, बिल लागेल." तेव्हापासून माझ्या डोक्यात हा किडा शिरला.

आमच्याकडे पैशाची ओढ नेमकी कधी असते ते सांगते. भात निघालं की घरटी एकदोन माणसं नारायणगावकडे मजुरीला उतरतात. परत येतात तेव्हा राब, म्हणजे भाताचं रोप टाकायची जागा, भाजून झालेला असतो, बियाणं-खत आणायचं असतं, आणि कमावून आणलेलं लग्नकार्यात उडालेलं असतं. धरण दारात आहे, १९२६ साली बांधून झालेलं, पण पाणी प्रवरेच्या कालव्यांनी खाली उसाला जातं. आम्हाला पावसाचं एक पीक. आणि अगदी त्याच पेरणीच्या तोंडावर तीन आठवडे काजवे असतात. एरवी खोली रिकामी पडली तरी चालेल, हे तीन आठवडे साधले की झालं, असं माझं गणित.

पर्यटन विभागाच्या निवास-न्याहारी योजनेत अर्ज करायचं ठरवलं. त्याच महिन्यात महिलांसाठीचं 'आई' धोरण आलं होतं, कर्जाच्या व्याजाचा परतावा मिळतो म्हणून, तेव्हा अर्ज माझ्या नावानं करावा असं निघालं. आणि तिथंच घोडं अडलं. घर माझ्या नावावर नाही, नवऱ्याच्या नाही, मामांच्या, म्हणजे सासऱ्यांच्याही नाही. ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर अजून आजेसासऱ्यांचं नाव, आणि ते जाऊन बावीस वर्षं झालेली. मी आधी तलाठ्याकडून आठ-अ आणला होता. तो जमिनीचा, नमुना आठ घराचा. दोन्हींत आठ आहे एवढ्यावरून माझी एक फेरी फुकट गेली.

वारस लावायचे तर चुलत सासरे दोघं आले. थोरल्यांनी लगेच सही केली. धाकटे म्हणाले, "आज खोलीला सही, उद्या घर सुनेचं." चार महिने त्या एका सहीसाठी गेले. मी चिडून बोलायला जायची, तर आत्या मला गप्प बसवायच्या आणि त्यांच्याकडे वाटीभर खरवस पाठवायच्या. शेवटी दिवाळीत, जेवणं झाल्यावर, त्यांनी आपणहून विचारलं, "कुठं करायची?" वारसांत मामांचं नाव लागलं, मग मामांचं मला संमतिपत्र, आणि अर्जदार म्हणून मी. मामांच्या आधारवर आणि उताऱ्यावर नावात एका वेलांटीचा फरक होता, त्याचं प्रतिज्ञापत्र वेगळं.

बाकीची कागदं मानानं सोपी गेली. पोलिसांचा चारित्र्याचा दाखला, लाइटबिल, घरपट्टीची पावती, खोल्यांचे फोटो. अन्न परवान्यासाठी एका दुकानदारानं दोन हजार सांगितले होते. भाचीनं मोबाइलवर बघितलं तर आमच्यासारख्या छोट्यांना तेव्हा वर्षाला १०० रुपये फी होती. पाच वर्षांचे ५०० भरले, घरी बसून. एवढं एक ध्यानात ठेवा. कर्जाचं मात्र जमलं नाही. बँकेला तारण हवं होतं आणि गावठाणातलं घर त्यांना चालेना. बचत गटातून ५० हजार उचलले आणि पडवीला लागून कमोड असलेलं बाथरूम बांधलं. आमच्याकडे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे, १९८६ पासूनचं, त्यामुळे नवं बांधकाम म्हटलं की वेगळ्या परवानग्या. आहे त्याच घरात दोन खोल्या नीट करणं शहाणपणाचं ठरलं. तपासणीला साहेब आले त्यांनी गाद्या दाबून बघितल्या, नळ सोडून बघितला, प्रथमोपचाराची पेटी उघडली. ती रिकामी होती. पेटी आणली होती, औषधं राहिली होती.

२०२४च्या मेमध्ये प्रमाणपत्र हातात पडलं. त्या आनंदात नवऱ्यानं रंगीत दिव्यांचा बोर्ड आणून अंगणात लावला. मामांनी संध्याकाळी घराबाहेर जाऊन पाहिलं आणि मेन स्विचच पाडला. "उजेड केलास तर काजवे काय बघायला येतील, तुझा बोर्ड?" काजव्यांची चमक म्हणजे नराची मादीला घातलेली साद. आपला दिवा लागला की त्यांना एकमेकांचं दिसेनासं होतं. आमच्या घरामागच्या हिरड्या-सादड्यांवर ते बसतात तेव्हा अख्खं झाड एकदम पेटतं आणि एकदम विझतं. पहिल्यांदा बघणारा माणूस बोलायचा थांबतोच.

आता मामा पाहुण्यांना घेऊन जातात. बॅटरीला लाल जिलेटिनचा कागद रबरानं बांधलेला, तोंड कायम जमिनीकडं. पहिल्याच आठवड्यात एक मुलगा झाडाखाली धावत शिरला. मामांनी त्याला हाताला धरून खाली बसवलं आणि पाचोळ्यात बोट दाखवलं. तांदळाएवढा एक हिरवट ठिपका लुकलुकत होता. "ही मादी. हिच्यावर पाय पडला की पुढच्या वर्षीचे काजवे गेले." वर्षभर अळ्या याच पाचोळ्यात गोगलगायी खाऊन वाढतात, हे मलाही तेव्हाच कळलं. मुलगा घरी येईपर्यंत प्रत्येक पाऊल बघून टाकत होता. जलाशयाच्या काठी तंबू आणि स्पीकर लावणाऱ्यांना हे कोण सांगणार, हा वेगळाच विषय. आमच्याकडे आठ माणसांच्या वर घेत नाही. लोक फोनवर रागावतात.

त्या मोसमात नाचणीची भाकरी, हुलग्याचं पिठलं आणि पहिल्या पावसाचे खेकडे, एवढ्यावर बचत गटाचे निम्मे पैसे फिटले. बियाणं-खत रोखीनं आणलं. मग एके रात्री धो धो पाऊस आला, काजवे संपले, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही रोप टाकायला शेतात.

दुपारी बांधावर धाकटे चुलत सासरे आले. हातात प्लास्टिकची पिशवी, आत कागदांची गुंडाळी. म्हणाले, "सूनबाई, माझी मागची खोली रिकामीच आहे." मी गुंडाळी उलगडली. वर आठ-अ होता.