राजदूत ३५०: आधी बॅलन्स, मग एअर स्क्रू

राजदूत ३५० या मोटारसायकलला दोन सिलिंडर आहेत आणि प्रत्येक सिलिंडरला स्वतःचा मिकुनी कंपनीचा कार्बोरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग) आहे, एवढी साधी गोष्ट मनात पक्की ठेवली तर तिच्या ट्युनिंगमधले निम्मे घोळ टळतात, असे माझे मत आहे. एस्कॉर्ट्सने यामाहाच्या आरडी ३५० वरून ही टू-स्ट्रोक गाडी १९८३ मध्ये भारतात आणली. तिचे उत्पादन थांबून तीन दशकांहून अधिक काळ लोटला, तरी साताऱ्यात, कऱ्हाडात आणि सांगलीत ती जपणारी मंडळी आजही आहेत. अडचण मेकॅनिकची आहे. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम लागू झाल्यापासून बहुतेक नव्या मोटारसायकली फ्युएल इंजेक्शनवर गेल्या. त्यामुळे गॅरेजमध्ये नव्याने शिकणाऱ्या मुलाला स्कॅनर जोडता येतो, पण दोन कार्बोरेटरांची जुळणी, म्हणजेच बॅलन्स, त्याने पाहिलेलीच नसते. आणि ज्यांनी ती आयुष्यभर केली ते मिस्त्री आता ओळखीच्या गिऱ्हाइकांचेच काम घेतात. म्हणून हे काम घरच्या अंगणात करावे लागते, आणि खरे तर ते तिथेच चांगले होते, कारण त्याला कौशल्यापेक्षा सवड जास्त लागते.

गाडी स्लो स्पीडला टिकेना किंवा मिस मारू लागली की जो तो एअर स्क्रूला (मिश्रणातली हवा कमी-जास्त करणाऱ्या स्क्रूला) हात घालतो. मात्र डाव्या कार्बोरेटरची स्लाइड, म्हणजे मूठ फिरवली की वर सरकणारी झडप, उजवीपेक्षा अर्धा मिलिमीटर आधी उचलत असेल, तर डावे सिलिंडर ओझे ओढते आणि उजवे त्याच्यामागे फरफटत जाते. अशा स्थितीत उजव्या बाजूचे मिश्रण कितीही सुधारले तरी गाडी सुधारत नाही. उलट दोन्ही एअर स्क्रू दोन दिशांना भरकटतात आणि मूळ दोष त्याखाली झाकला जातो. त्यामुळे स्लाइडा जुळल्याची खात्री होईपर्यंत एअर स्क्रूला हात लावायचा नाही, हा नियम मी कटाक्षाने पाळतो.

त्याही आधी प्लग, इग्निशनच्या दोन्ही पॉइंटांची गॅप आणि टायमिंग, एअर फिल्टर आणि कार्बोरेटरला इंजिनाशी जोडणारे रबर तपासून घ्यावे. या रबराला बारीक चीर असली तर तिथून जादा हवा आत जाते आणि ते सिलिंडर लीन चालते, म्हणजे त्याला हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते. टू-स्ट्रोक इंजिनात याचा शेवट पिस्टन जाम होण्यात होऊ शकतो. चोकही पाहावा. मिकुनीचा चोक म्हणजे वस्तुतः जादा पेट्रोल सोडणारी एक छोटी वेगळी वाट असते आणि तिच्या प्लंजरच्या टोकाचे रबर कडक झाले की चोक बंद असूनही त्या बाजूला पेट्रोल झिरपत राहते. हत्यारांविषयी एकच सूचना: जपानी कार्बोरेटरचे फुलीचे स्क्रू आपल्याकडच्या नेहमीच्या फुलीच्या स्क्रू ड्रायव्हरशी नीट बसत नाहीत, त्यामुळे जोर दिला की टोक निसटते आणि स्क्रूचे डोके खराब होते. जपानी मापाचा, जेआयएस म्हणून मिळणारा स्क्रू ड्रायव्हर एकदाच घ्यावा.

आता मुख्य काम. मुठीतून निघालेली केबल पुढे तीन ठिकाणी फुटते: दोन फाटे दोन कार्बोरेटरांकडे जातात आणि तिसरा इंजिनाला ऑइल पुरवणाऱ्या पंपाकडे. सर्व अॅडजस्टर ढिले करून केबलींना मुद्दाम झोल द्यावा, म्हणजे स्लाइडा केवळ आयडलिंगच्या (मूठ बंद असतानाचा वेग ठरवणाऱ्या) स्क्रूवर टेकून राहतात. एअर फिल्टरकडचे रबरी जोड काढले की कार्बोरेटरची दोन्ही तोंडे उघडी पडतात. सारख्या मापाच्या दोन ड्रिल बिटांचे मागचे गुळगुळीत दांडे दोन्ही स्लाइडांखाली सरकवावेत आणि दोन्हीकडे दांडा सारख्याच घर्षणाने, न अडकता आणि न खुळखुळता आत जाईल इतपत आयडलिंगचे स्क्रू फिरवावेत. स्लाइडेच्या खालच्या कडेला तिरका काप असतो आणि त्याचा नंबर स्लाइडेवर कोरलेला असतो. दोन्हींचा नंबर एकच आहे ना, हे आधी पाहावे, नाहीतर ही मोजणी निरर्थक ठरते. जुन्या बाजारातून सुटे भाग जमवून उभ्या केलेल्या गाड्यांत दोन वेगळ्या नंबरांच्या स्लाइडा निघणे अजिबात दुर्मीळ नाही.

त्यानंतर केबली. दोन्ही तोंडांत एकेक तर्जनी घालून बोटाचे टोक स्लाइडेला हलकेच टेकवावे आणि दुसऱ्या कोणाला तरी मूठ अगदी सावकाश फिरवायला सांगावे. स्लाइड जागेवरून सुटते तो क्षण बोटाला स्पष्ट कळतो. डोळ्याला न दिसणारा फरक बोटाला कळतो, म्हणून आरशात पाहण्यापेक्षा माझा बोटांवर अधिक विश्वास आहे. दोन्ही स्लाइडा एकाच क्षणी सुटेपर्यंत कार्बोरेटरवरचे केबल अॅडजस्टर थोडे थोडे फिरवत राहायचे. (आमच्याकडे मूठ फिरवण्याचे काम पुतण्याकडे असते आणि “काका, झालं का?” हा प्रश्न त्यात गृहीत धरलेला असतो.) मग मूठ पूर्ण उघडून दोन्ही स्लाइडा तोंडाच्या वरच्या कडेआड एकाच वेळी दिसेनाशा होतात का, ते पाहावे. शेवटी अॅडजस्टरचे लॉकनट घट्ट करावेत आणि तपासणी पुन्हा करावी, कारण लॉकनट आवळताना अॅडजस्टर हमखास किंचित फिरतो.

ऑइल पंपाचा फाटा मात्र अनेक जण विसरतात. कार्बोरेटरच्या केबली बदलल्या की पंपाच्या केबलीचा ताणही बदलतो, आणि पंप मागे राहिला तर मूठ उघडलेली असूनही इंजिनाला ऑइल कमी मिळते. पंपावरच्या खुणा मॅन्युअलप्रमाणे जुळवल्याशिवाय गाडी रस्त्यावर नेऊ नये. पंप काढून टाकून पेट्रोलमध्येच ऑइल मिसळणाऱ्यांना ही चिंता नाही. त्यांच्या चिंता वेगळ्या.

फिल्टरचे जोड परत बसवून गाडी साताऱ्यातल्या पोवई नाक्यापर्यंत फिरवून गरम करावी आणि मग कानाने तपासणी करावी. एका बाजूची प्लग कॅप काढून तिच्यात जादा प्लग घालावा आणि त्या प्लगचे धातूचे अंग सिलिंडर हेडला टेकवून ठेवावे. अर्थिंगशिवाय नुसती कॅप लोंबकळत ठेवली तर कॉईलवर ताण येतो. आता गाडी एकाच सिलिंडरवर, अडखळत का होईना, चालायला हवी. त्यासाठी लागल्यास दोन्ही आयडलिंग स्क्रू सारखेच वाढवून घ्यावेत. दोन्ही बाजूंनी आळीपाळीने हे केल्यावर इंजिनाचा वेग सारखाच पडत असेल तर बॅलन्स झाला. एका बाजूवर गाडी बंद पडत असेल तर त्या बाजूचा आयडलिंग स्क्रू किंचित वाढवावा. हे सर्व उघड्यावर करायचे. बंद पार्किंगमध्ये धूर कोंडतो, आणि हवेवर थंड होणारे हे इंजिन उभ्या जागी लवकर तापते, म्हणून समोर टेबल फॅन लावलेला बरा.

जुळणीसाठी व्हॅक्यूम गेज (इंजिनाची ओढ मोजणारे यंत्र) का नाही, असे मला विचारले जाते. जुन्या जपानी चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक गाड्यांना इनटेकवर व्हॅक्यूमची तोंडे दिलेली असतात आणि तिथे गेज खरोखर उपयोगी पडते. पारदर्शक नळीचा यू आकार फळीवर ठोकून त्यात टू-टी ऑइल भरले तरी घरगुती मॅनोमीटर तयार होतो. ऑइल ज्या बाजूला वर चढते, तो कार्बोरेटर अधिक बंद आहे असे समजायचे. फक्त फरक मोठा असेल तर इंजिन ते ऑइल नळीतून ओढून घेते, म्हणून नळी उंच ठेवावी. राजदूतला हा खटाटोप करण्याची गरज नाही.

आता एअर स्क्रू. या कार्बोरेटरात तो एअर फिल्टरच्या बाजूला असतो आणि हवा नियंत्रित करतो; त्यामुळे तो आत घेतला की मिश्रण रिच होते, म्हणजे त्यात पेट्रोल वाढते, आणि बाहेर काढला की लीन. अनेक फोर-स्ट्रोक गाड्यांत तसाच दिसणारा स्क्रू इंजिनाच्या बाजूला असतो आणि तो मिश्रणच नियंत्रित करतो, म्हणून तिथे दिशा नेमकी उलटी होते. हलक्या हाताने पूर्ण आत घेऊन दीड फेरा बाहेर, इथून सुरुवात करावी आणि पाव-पाव फेरा फिरवत इंजिनाचा वेग सर्वाधिक होतो ती जागा शोधावी. मी तिथून किंचित आत, म्हणजे रिच बाजूला थांबतो. दोन बाजूंत पाव फेऱ्याचा फरक चालतो. फरक एक फेऱ्यावर गेला तर स्क्रू सोडून त्या बाजूची पायलट जेट (संथ चालीला पेट्रोल देणारी बारीक भोकाची नळी) उघडावी. तिच्यात तार घालू नये, स्प्रेने साफ करावी.

कासकडे चढणाऱ्या यवतेश्वर घाटासाठी जेट बदलावी का, हा प्रश्न इथे साताऱ्यात प्रत्येक जण काढतो. सातारा सुमारे ७०० मीटरवर आणि कास पठार सुमारे १२०० मीटरवर आहे. एवढ्या चढाने हवा साधारण पाच टक्के विरळ होते आणि कार्बोरेटरच्या गणिताप्रमाणे मिश्रण अडीच टक्क्यांच्या आसपास रिच होते. त्यासाठी जेट बदलणे म्हणजे निव्वळ हौस आहे. पेट्रोलमधले इथेनॉल ही त्याहून मोठी बाब आहे. पेट्रोलच्या एका भागाला वजनाने १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९ भाग. म्हणून आताच्या ई-२० (२० टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलला सुमारे १३.५ भाग पुरतात. शुद्ध पेट्रोलवर बसवलेली जेट ई-२० वर सुमारे आठ टक्के लीन चालते, म्हणजे घाटाच्या परिणामाच्या तिप्पट आणि उलट दिशेला. आपल्याच उसाचे इथेनॉल, पण टू-स्ट्रोकला ते असे महागात पडू शकते. मी नीडलची (स्लाइडेबरोबर वर-खाली होणाऱ्या सुईची) क्लिप एक खाच खाली घेतली, त्यामुळे नीडल वर उचलली गेली आणि मधल्या टप्प्यातील मिश्रण रिच झाले. मग वर्दळ नसताना घाट अर्ध्या मुठीवर चढून, क्लच दाबून तिथेच इंजिन बंद केले आणि प्लग काढून पाहिले. दोन्ही प्लग सारखेच तपकिरी निघणे महत्त्वाचे. एक पांढरट आणि एक काळपट निघाला तर पुन्हा बॅलन्सकडे वळावे.

इथेनॉल पाणी ओढते. पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर कॉक बंद करून दोन्ही फ्लोट बाऊल (कार्बोरेटरच्या तळाच्या पेट्रोलच्या वाट्या) रिकामे करावेत, नाहीतर तळाशी पाणी साठून पायलट जेटमध्ये पांढरट हिरवी पूड धरते. नवी केबल टाकली असेल तर ती सुरुवातीला थोडी ताणते, तेव्हा काही दिवसांनी बोटांची चाचणी पुन्हा घ्यावी.